ऑलिंपिकचा फिरता मांडव

दर चार वर्षांनी जगातील एखाद्या नगरीत उन्हाळी ऑलिंपिक क्रीडामहोत्सव भरतो. २०१६ मध्ये तो रिओ द जानेरो येथे भरला. त्यानंतरचा टोकियोचा महोत्सव साथीच्या रोगामुळे एक वर्ष लांबून २०२१ मध्ये झाला आणि २०२४ मध्ये हा मान पॅरिसला मिळाला. लग्नाचा मांडव जसा आज एका अंगणात तर उद्या दुसऱ्या अंगणात उभा राहावा, तसा हा क्रीडेचा मांडव गावोगाव फिरत असतो. प्राचीन काळी मात्र असे नव्हते. ग्रीस देशातील ऑलिंपिया या क्षेत्री, झ्यूस देवाच्या मंदिराच्या परिसरात, शतकानुशतके याच स्पर्धा भरत आणि त्या कोठे भरवाव्यात हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे. मग आजच्या ऑलिंपिकला कायमची जागा का नाही? आणि यजमान नगरी ठरवायची तरी कोणी? या प्रश्नांचा उलगडा एका फ्रेंच गृहस्थाच्या चरित्रातून होतो. त्यांचे नाव बॅरन पिएर द कुबेर्तां.

पिएर यांचा जन्म १ जानेवारी १८६३ रोजी पॅरिस येथे एका जुन्या सरदार घराण्यात झाला. वडील चित्रकार होते. घरी संपत्तीला तोटा नव्हता. नॉर्मंडी प्रांतात मिरव्हिल येथे कुटुंबाचा मोठा वाडा होता. पिएर सात वर्षांचे असताना फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले. १८७१ मध्ये फ्रान्सचा पराभव झाला आणि आल्सास प्रांत व लोरेनचा मोठा भाग जर्मनांच्या हाती गेला. या मानहानीचे शल्य त्या पिढीतील सर्व फ्रेंच मुलांच्या मनात घर करून राहिले. अशा घराण्यातील मुलाने सैन्यात शिरावे किंवा कायदा शिकून अधिकारपद मिळवावे, अशी रीत होती. पिएर यांना या दोहोंतही गोडी वाटेना. आपल्या देशातील मुले दुबळी व निरुत्साही का, हा विचार त्यांना छळत होता.

वयाच्या विसाव्या वर्षी ते इंग्लंडला गेले. तेथील रग्बी या गावची शाळा त्यांनी मुद्दाम पाहिली. टॉमस आर्नल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी ती नावारूपाला आणली होती. आर्नल्ड तर १८४२ मध्येच निवर्तले होते. परंतु तेथील मुले दुपारी मैदानावर उतरत, आपला नायक आपणच निवडत, नियम आपणच पाळत आणि मोडणाऱ्याला आपणच दटावत, हे पाहून कुबेर्तां थक्क झाले. फ्रान्समधील शाळांत त्या वेळी मुलांनी दिवसभर पुस्तकांवर मान मोडावी, एवढेच शिक्षण समजले जाई. खेळ हा वेळेचा अपव्यय नसून शिक्षणाचाच एक भाग आहे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि मायदेशी परतल्यावर शाळाशाळांतून क्रीडासंघ उभारण्याच्या खटपटीला ते लागले.

१८९० मध्ये त्यांनी इंग्लंडमधील मच वेनलॉक नावाचे एक लहानसे गाव पाहिले. तेथील डॉ. विल्यम ब्रुक्स हे ऐंशी वर्षे ओलांडलेले वैद्य १८५० पासून गावात ऑलिंपिक या नावाने क्रीडाजत्रा भरवीत आले होते. त्याच सुमारास जर्मन संशोधकांनी ऑलिंपिया येथे उत्खनन करून मातीखाली गाडलेली मंदिरे उजेडात आणली होती. या साऱ्यांतून एक कल्पना कुबेर्तां यांच्या मनात आकार घेऊ लागली. प्राचीन ऑलिंपिक पुन्हा सुरू करावे, परंतु एका गावापुरते वा एका देशापुरते नव्हे, तर सर्व जगासाठी!

नोव्हेंबर १८९२ मध्ये पॅरिसच्या सोर्बॉन विद्यापीठात त्यांनी ही कल्पना जाहीर सभेत मांडली. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या आणि ते घरोघर निघून गेले. कोणाला ती गंमत वाटली, कोणाला नाटक वाटले. कुबेर्तां खचले नाहीत. जून १८९४ मध्ये त्याच सोर्बॉनमध्ये त्यांनी अनेक देशांच्या क्रीडाप्रतिनिधींची परिषद बोलाविली. परिषदेच्या आरंभी, डेल्फी येथे नुकतेच सापडलेले अपोलो देवाचे एक प्राचीन स्तोत्र गाऊन दाखविण्याची त्यांनी व्यवस्था केली. त्या सुरांनी सभेचे मन असे भारून गेले, की पुढचे निम्मे काम तेथेच झाले. २३ जून १८९४ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती स्थापन झाली.

समिती तर झाली. परंतु पहिला महोत्सव भरवायचा कोठे? १९०० मध्ये पॅरिसला भव्य जागतिक प्रदर्शन भरणार होते. त्याच वेळी आपल्या जन्मनगरीत आरंभ व्हावा, असा कुबेर्तां यांचा मानस होता. इतर प्रतिनिधींना मात्र सहा वर्षांचा काळ फार लांबचा वाटला. तोवर सर्वांचा उत्साह ओसरून जाईल, अशी त्यांना भीती होती. काहींनी लंडनचे नाव सुचविले. अखेर पॅरिसमध्ये राहणारे ग्रीक साहित्यिक दिमित्रिओस विकेलास यांनी अथेन्सचा प्रस्ताव मांडला आणि तो मान्य झाला. १८९६ मध्ये अथेन्स, १९०० मध्ये पॅरिस. ज्या देशात पुढचा महोत्सव, त्या देशाचा माणूस अध्यक्ष, असा त्या वेळी नियम असल्यामुळे विकेलास हे समितीचे पहिले अध्यक्ष झाले.

एखाद्या नगरीचे नाव सभेत उच्चारणे सोपे असते. तिला यजमान होण्यास उभे करणे किती अवघड, याचा अनुभव कुबेर्तां यांना लगेच आला. ग्रीसचा खजिना रिकामा होता. १८९३ मध्ये त्या देशाने आपण कर्ज फेडू शकत नाही असे जाहीर केले होते. पंतप्रधान त्रिकूपिस यांना हा नवा खर्च मुळीच नको होता आणि हा भार आम्हांस पेलणार नाही, असे पत्रही पॅरिसला आले. तेव्हा कुबेर्तां स्वतः अथेन्सला गेले. युवराज कॉन्स्टंटाइन यांना भेटले, व्यापाऱ्यांना भेटले, सभा घेतल्या. ग्रीसने नकार दिल्यास हंगेरीच्या बुडापेस्ट नगरीकडे महोत्सव जाईल, अशीही बोलवा होती. युवराजांनी पुढाकार घेतला. वर्गण्या गोळा झाल्या, टपालाची खास तिकिटे छापून विकण्यात आली, आणि अलेक्झांड्रिया येथील गेओर्गिओस अव्हेरोफ नावाच्या धनाढ्य ग्रीक व्यापाऱ्याने प्राचीन क्रीडागाराच्या जीर्णोद्धाराचा खर्च उचलला. भग्न झालेले ते क्रीडागार पांढऱ्याशुभ्र संगमरवराने झळाळू लागले.

६ एप्रिल १८९६ रोजी स्पर्धांना प्रारंभ झाला. मॅराथॉनच्या शर्यतीत स्पिरिडॉन लुईस हा गरीब ग्रीक तरुण पहिला आला, तेव्हा प्रेक्षकांच्या आनंदाला पारावार उरला नाही. या सर्व सोहळ्यात ज्यांनी तो घडवून आणला त्या कुबेर्तां यांचे नाव मात्र कोणी फारसे घेतले नाही. ग्रीकांना तो आपलाच, आपल्या पूर्वजांचा उत्सव वाटत होता.

खरा पेच पुढेच होता. स्पर्धा संपत आल्या असता राजे जॉर्ज यांनी खेळाडूंना व पाहुण्यांना राजवाड्यात मेजवानी दिली. त्या प्रसंगी त्यांनी अशी इच्छा प्रकट केली, की यापुढे ऑलिंपिक स्पर्धा कायमच्या ग्रीसमध्येच भराव्यात. सर्वांनी जयघोष केला. अमेरिकन खेळाडूंनी तर तशा अर्थाच्या विनंतीपत्रावर सह्याही केल्या. क्रीडागार बांधून तयार होते, लोक उत्साही होते, स्थान पवित्र होते. मग नाही म्हणायचे कोणत्या तोंडाने? शिवाय नाही म्हणावयाचे ते राजाला, आणि तेही त्याच्याच घरी पाहुणचार घेत असताना! कुबेर्तां यांनी राजांच्या बोलण्याचा रोख आपल्याला समजलाच नाही, असे दाखविले. पुढे मात्र त्यांनी आपला विचार स्पष्टपणे मांडला आणि पुढचा महोत्सव पॅरिसलाच होईल, असे कळविले.

हा हट्ट होता काय? काहींना तसे वाटले. परंतु कुबेर्तां यांचा विचार दूरवरचा होता. प्राचीन ऑलिंपिक केवळ ग्रीकांचे होते. नवे ऑलिंपिक सर्व राष्ट्रांचे व्हावयाचे होते. ज्याच्या अंगणात मांडव पडतो, त्याच्या मनात त्या कार्याविषयी आपलेपणा उपजतो. मांडव एकाच अंगणात राहिला, तर बाकीचे सारे कायमचे पाहुणे. शिवाय एका देशावर सर्व विसंबले, तर त्या देशाच्या संकटाबरोबर ऑलिंपिकही संकटात येणार. ही भीती किती खरी होती, हे वर्षभरातच दिसून आले. १८९७ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध झाले, त्यात ग्रीसचा पराभव झाला आणि कायमच्या यजमानपदाची भाषा मागे पडली. ग्रीकांची निराशा झाली हे खरे. त्यांची समजूत पटावी म्हणून १९०६ मध्ये अथेन्सला एक मधला महोत्सव भरविण्यात आला; कुबेर्तां त्याला गेले नाहीत.

फिरत्या मांडवाचा मार्ग काही फुलांनी आच्छादलेला नव्हता. १९०० मध्ये पॅरिसला जे घडले, त्याने कुबेर्तां यांना सर्वांत अधिक दुःख दिले. प्रदर्शनाच्या अधिकाऱ्यांनी स्पर्धांचा कारभार आपल्या हाती घेतला आणि पाच महिन्यांहून अधिक काळ त्या इतस्ततः विखरून टाकल्या. धावण्याच्या शर्यती एका उद्यानातील हिरवळीवर झाल्या, पोहण्याच्या सीन नदीत. आपण ऑलिंपिकमध्ये भाग घेतला हे काही खेळाडूंना अखेरपर्यंत कळलेही नाही! ज्या नगरीसाठी त्यांनी राजाची इच्छा मोडली होती, त्या त्यांच्याच नगरीने त्यांच्या कल्पनेची अशी उपेक्षा केली.

१९०४ साठी समितीने अमेरिकेतील शिकागो नगरीची निवड केली होती. परंतु त्याच वर्षी सेंट लुईस येथे मोठे प्रदर्शन भरणार होते आणि आपण स्वतंत्र स्पर्धा भरवून शिकागोला शह देऊ, असा पवित्रा तेथील चालकांनी घेतला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचाही कौल सेंट लुईसच्या बाजूने पडला आणि शिकागोला माघार घ्यावी लागली. प्रवास लांबचा व खर्चाचा असल्याने युरोपातील फारच थोडे खेळाडू तेथे पोहोचले. १९०८ साठी रोम नगरी ठरली, तोच एप्रिल १९०६ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी भडकला. इटलीच्या सरकारला आधीच हा खर्च जड वाटत होता. आता तर नकारास सबळ कारण मिळाले. अवघ्या दोन वर्षांत लंडनने तयारी केली, नवे क्रीडागार उभारले. मॅराथॉनची शर्यत त्या वेळी विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडागारातील राजघराण्याच्या सज्जापर्यंत आखण्यात आली. ते अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर भरले आणि पुढे तेच सर्व जगात रूढ झाले. यजमान नगरी आपला ठसा असाही मागे ठेवून जाते.

१९१२ मध्ये स्टॉकहोमने मात्र सर्व कार्य नेटकेपणाने पार पाडले. स्पर्धांबरोबर कलांनाही पारितोषिके असावीत, ही कुबेर्तां यांची इच्छा तेथे पूर्ण झाली. साहित्याचे सुवर्णपदक क्रीडेवरील एका स्तोत्राला मिळाले. त्यावर दोन अपरिचित नावे होती. ती दोन्ही टोपणनावे खुद्द कुबेर्तां यांचीच होती, हे नंतर उघड झाले.

१९१६ चा मान बर्लिनला मिळाला होता. तेथे प्रशस्त क्रीडागार बांधूनही झाले. परंतु १९१४ मध्ये महायुद्धाचा वणवा पेटला आणि त्या मैदानावर ऑलिंपिक भरलेच नाही. युद्धात समितीचे कार्यालय सुरक्षित राहावे, म्हणून कुबेर्तां यांनी ते १९१५ मध्ये तटस्थ स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हलविले. आजही ते तेथेच आहे. युद्ध संपल्यावर एप्रिल १९१९ मध्ये समिती पुन्हा जमली आणि तिने बेल्जियममधील अँटवर्प नगरीची निवड केली. युद्धात बेल्जियमने सोसलेल्या हालांबद्दल त्या देशाचा हा गौरव होता. हातात जेमतेम सोळा महिने होते, अन्नधान्याचीही टंचाई होती. तरीही १९२० मध्ये अँटवर्पने महोत्सव भरविला. पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज स्पर्धांत प्रथम फडकला तो येथेच. तो कुबेर्तां यांनीच योजला होता. जर्मनी आणि युद्धातील तिची मित्रराष्ट्रे यांना मात्र आमंत्रण नव्हते. सर्व राष्ट्रांचा म्हणून उभारलेल्या मांडवाच्या दारात काही राष्ट्रे अडविली गेली, ही उणीव लपविण्यासारखी नाही.

याच अँटवर्पच्या महोत्सवाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे खेड्यांतील तरुण पाहिले होते. त्यांचा वेग पाहून या तरुणांना ऑलिंपिकला पाठवावे, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी खटपट केली, पदरचा पैसाही घातला आणि चार धावपटू व दोन मल्ल अँटवर्पला गेले. बेळगावकडील फडेप्पा चौगुले मॅराथॉन धावले. त्याच वर्षी दोराबजी आंतरराष्ट्रीय समितीचे सदस्य झाले.

कुबेर्तां आता थकत चालले होते. १९२१ मध्ये त्यांनी समितीला एक पत्र लिहून कळविले, की आपण लवकरच अध्यक्षपद सोडणार आहोत; तत्पूर्वी १९२४ चा महोत्सव आपल्या जन्मनगरीला द्यावा आणि १९२८ चा अ‍ॅमस्टरडॅमला. १९०० चा डाग पुसून काढण्याची ही शेवटची संधी होती. रोम, बार्सिलोना, लॉस एंजेलिस अशी इतर नगरेही इच्छुक होती. इटलीचे प्रतिनिधी तर फार रागावले. तथापि समितीने वृद्ध संस्थापकाचा शब्द राखला. १९२४ मध्ये पॅरिसला ४४ देशांचे सुमारे ३,००० खेळाडू आले आणि महोत्सव यथास्थित पार पडला. कुबेर्तां कृतार्थ झाले. एका व्यक्तीच्या इच्छेवरून दोन नगरे ठरावीत हे न्यायाचे होते का, अशी शंका मात्र घेता येईल. लॉस एंजेलिसला १९३२ पर्यंत थांबावे लागले, रोमला १९६० पर्यंत आणि बार्सिलोनाला तर १९९२ पर्यंत.

पुढे निवडीची रीत अधिक काटेकोर झाली. इच्छुक नगरी आपला आराखडा सादर करीत; समितीचे सदस्य गुप्त मतदान करीत; कोणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास सर्वांत कमी मते मिळालेली नगरी गळे आणि पुन्हा मतदान होई. २००५ मध्ये सिंगापूर येथे याच रीतीने लंडनने पॅरिसवर ५४ विरुद्ध ५० मतांनी मात केली. परंतु मान मोठा, तसा मोहही मोठा. सॉल्ट लेक सिटी या नगरीने हिवाळी स्पर्धा मिळविण्यासाठी सदस्यांना भेटी व पैसे दिल्याचे १९९८ मध्ये उघडकीस आले. काही सदस्यांना काढून टाकण्यात आले आणि इच्छुक नगरींना भेट देण्यास सदस्यांना बंदी झाली. खर्चाचे संकटही होतेच. १९७६ च्या महोत्सवाचे कर्ज फेडण्यास मॉन्ट्रिऑल नगरीला तीस वर्षे लागली! अशी उदाहरणे पाहून पुढे नगरे बिचकू लागली. २०२४ साठी पुढे आलेल्या हॅम्बुर्ग, रोम आणि बुडापेस्ट यांनी माघार घेतली; पॅरिस व लॉस एंजेलिस या दोनच नगरी उरल्या. तेव्हा समितीने २०१७ मध्ये १९२१ चीच युक्ती पुन्हा केली आणि पॅरिसला २०२४, तर लॉस एंजेलिसला २०२८ असे दोन्ही महोत्सव एकदम वाटून दिले. २०१९ पासून एक मंडळ इच्छुक नगरींशी आधी बोलणी करते आणि योग्य वाटलेले नाव समितीपुढे मतास ठेवते. २०३२ साठी ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन नगरी २०२१ मध्ये अशीच ठरली. २०२३ मध्ये समितीचे अधिवेशन मुंबईत भरले, तेव्हा भारतानेही २०३६ च्या यजमानपदाची इच्छा जाहीर केली.

१९२५ मध्ये कुबेर्तां अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. त्यांची सर्वच मते आज पटण्यासारखी नाहीत. स्त्रियांनी ऑलिंपिकमध्ये उतरू नये, असे ते अखेरपर्यंत म्हणत राहिले. ही त्यांची दृष्टी संकुचितच म्हटली पाहिजे. धावण्याच्या व फेकण्याच्या स्पर्धांत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला, त्यांच्या निवृत्तीनंतर. तसेच १९३६ च्या बर्लिन महोत्सवाचे. समितीने १९३१ मध्ये बर्लिनची निवड केली तेव्हा हिटलर सत्तेवर आला नव्हता. १९३३ मध्ये तो आला आणि त्याने हा सोहळा आपल्या राजवटीच्या दिमाखासाठी वापरला. वृद्ध कुबेर्तां तेथे गेले नाहीत; परंतु त्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका उद्घाटनाला वाजविण्यात आली आणि नंतर त्यांनी त्या महोत्सवाची वाखाणणीही केली. तेथे ज्यूंवर होत असलेल्या अन्यायाविषयी त्यांनी मौन पाळले, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनाही खटकते.

परिषदा, प्रवास, पत्रव्यवहार आणि पुस्तके यांत त्यांची वडिलोपार्जित संपत्ती खर्ची पडली. उतारवयात त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये अगदी साधेपणाने दिवस काढले. २ सप्टेंबर १९३७ रोजी जिनिव्हा येथील एका उद्यानात फिरत असताना हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्यांचा देह लोझान येथे पुरण्यात आला. हृदय मात्र, त्यांच्या इच्छेप्रमाणे, ग्रीसमध्ये ऑलिंपियाला नेण्यात आले आणि तेथील एका स्मारकस्तंभात ठेवण्यात आले. ज्या देशाला त्यांनी कायमचे यजमानपद नाकारले होते, त्याच देशाच्या भूमीत ते विसावले आहे. दर महोत्सवापूर्वी ऑलिंपियाच्या भग्न मंदिरापाशी सूर्यकिरणांनी ज्योत पेटविली जाते, त्या स्तंभाच्या परिसरातून पुढे नेली जाते आणि तेथून ती त्या वर्षीच्या यजमान नगरीच्या वाटेला लागते.